बांज : नाम, स्वरूप आणि संवर्धन

१

सह्याद्रीच्या अरण्यात ओक वृक्ष आढळत नाही. भारतात क्वेर्कस ह्या प्रजातीचे वृक्ष निसर्गतः उगवतात ते हिमालयात आणि ईशान्येकडील डोंगराळ प्रदेशात. दक्षिणेच्या पठारावर त्यांची एकही जाती आपोआप वाढत नाही. साहजिकच मराठीत ह्या वृक्षाला स्वतःचे असे नाव नाही. ‘ओक’ हा शब्द आपण इंग्रजीवरून घेतला, आणि तोही पुस्तकापुरता. (चित्पावनांतील ‘ओक’ ह्या आडनावाचा ह्या वृक्षाशी काही संबंध नाही, हे सांगण्याची वस्तुतः गरज नसावी, पण विद्यार्थी विचारतात.)

वृक्ष नसला तरी वृक्षाची उत्पन्ने मात्र मराठी घरात फार पूर्वीपासून येत राहिली आहेत. बाळगुटीच्या सहाणेवर हळकुंड, वेखंड, हिरडा, जायफळ यांच्याबरोबर जे मायफळ उगाळले जाते, ते फळ नव्हेच. पश्चिम आशियातील क्वेर्कस इन्फेक्टोरिया ह्या ओकाच्या कळीत एक सूक्ष्म माशीसारखा कीटक अंडे घालतो, आणि त्याच्या भोवती झाडाची पेशीजाले फुगून जी कठीण गाठ बनते, तिला मायफळ म्हणतात. तिच्यात तुरट टॅनिनाचे प्रमाण फार मोठे असते. म्हणूनच औषधाप्रमाणे शाई करण्यासाठीही ती वापरीत. फारसीत ह्या गाठीस ‘माजू’ म्हणतात, हिंदीत ‘माजूफल’ झाले. मराठीतील ‘मायफळ’ हे रूप ‘जायफळ’ ह्या शेजारच्या शब्दाच्या ओढीने घडले असावे असे दिसते. ‘मायाफल’ हे संस्कृत रूप त्याचे उत्तरकालीन संस्कृतीकरण होय असे मानण्यास हरकत नाही.

दुसरा शब्द ‘किरमिजी’. भूमध्य समुद्राच्या काठी क्वेर्कस कोक्सिफेरा नावाचा खुजा, काटेरी पानांचा सदाहरित ओक वाढतो. त्याच्या फांद्यांवर राहणाऱ्या एका किड्यापासून प्राचीन काळी लाल रंग काढीत. फारसीत किड्याला ‘किर्म’ म्हणतात. संस्कृत ‘कृमि’ त्याचाच सगोत्र. ह्या मूळ शब्दापासून अरबी ‘किर्मिझ’ आणि त्यातून एकीकडे इंग्रजी ‘क्रिम्झन’, तर दुसरीकडे मराठी ‘किरमिजी’ असा प्रवास झाला. तिसरा शब्द ‘बूच’ पोर्तुगीज ‘बुशा’ वरून आला, आणि ज्या पदार्थाचे बूच करीत तो क्वेर्कस सूबेर ह्या पोर्तुगालमधील सदाहरित ओकाची साल. ह्याच सालीच्या साम्यावरून आपल्याकडे ज्याला ‘बुचाचे झाड’ म्हणतात, ते मिलिंगटोनिया हॉर्टेन्सिस मात्र अगदी निराळ्या कुळातील आहे. वस्तू व्यापाऱ्याबरोबर येते, वस्तूचे नावही येते, पण ज्या वृक्षावर ती पिकली त्याचे नाव मागे राहते.

२

हिंदीतही ह्या वृक्षाच्या नावाची स्थिती फारशी वेगळी नाही. कोशांत ‘बलूत’ व ‘शाहबलूत’ असे दोन शब्द दिलेले असतात. पहिला अरबी ‘बल्लूत’ होय. स्पॅनिश भाषेतील ओकफळाचे नाव ‘बेयोता’ हेही त्याच अरबी शब्दाचे रूपांतर. दुसऱ्याचा फारसीतील मूळ अर्थ ओक नसून चेस्टनट आहे. म्हणजे ज्या प्रदेशात ओक नाही तेथील कोशकाराने परक्या भाषेतून शब्द घेतला, आणि घेताना वृक्षही बदलला. हा दोष केवळ आपल्याकडील नव्हे. लॅटिनमध्ये ‘ईलेक्स’ म्हणजे भूमध्यसागरी सदाहरित ओक. लिनियसने १७५३ मध्ये हे नाव हॉली ह्या काटेरी झुडपाच्या प्रजातीस दिले, आणि इंग्रजीत त्या ओकास ‘होम ओक’ म्हणतात त्यातील ‘होम’ हे हॉलीचेच जुने नाव. दोघांची पाने सारखी दिसतात, म्हणून दोघांनी एकमेकांची नावे घेतली.

तुलनात्मक भाषाशास्त्रात ओकाला एके काळी फार मोठे स्थान होते. ग्रीक ‘द्रूस’ म्हणजे ओक, प्राचीन आयरिश ‘दाउर’ म्हणजे ओक. तर संस्कृत ‘दारु’, ‘द्रु’ म्हणजे लाकूड वा झाड, आणि इंग्रजी ‘ट्री’ म्हणजे केवळ झाड. ह्यावरून मूळ भारोपीय शब्दाचा अर्थ ओक हाच होता आणि ओक नसलेल्या प्रदेशात गेलेल्या भाषांत तो सैल होऊन ‘झाड’ एवढाच उरला, असे ओस्टहोफ ह्या जर्मन पंडिताने प्रतिपादिले. एमील बेनव्हेनिस्त याने १९५४ मध्ये हा क्रम उलटा केला : मूळ अर्थ ‘दृढ, घट्ट’ असा, त्यावरून झाड, आणि काही भाषांत त्यावरून ओक. पुढे १९७० मध्ये पॉल फ्रीडरिक याने भारोपीयांच्या वृक्षनामांवरील ग्रंथात पुन्हा ओकाची बाजू घेतली. ह्या वादाचा निर्णय येथे करावयाचा नाही. बेनव्हेनिस्तचे म्हणणे अधिक पटण्याजोगे वाटते एवढेच. लॅटिन ‘क्वेर्कस’ हा शब्द मात्र दुसऱ्या धातुकुळातील. लिथुएनियन मेघगर्जनेचा देव ‘पेर्कूनास’ ह्याच्या नावाशी त्याचा संबंध जोडतात, आणि तेथून वैदिक ‘पर्जन्य’ पर्यंत उडी मारण्याचा मोह अनेकांना झाला. ‘पर्जन्य’ मधील जकार तेथे अपेक्षित असलेल्या कंठ्याशी जुळत नाही, म्हणून ही व्युत्पत्ती सर्वमान्य झाली नाही. असे असूनही ओक आणि पाऊस यांची जोडी हिमालयात दुसऱ्याच कारणाने खरी आहे, हे पुढे दिसेल.

आता ‘सदाहरित’ ह्या पारिभाषिक शब्दाविषयी थोडेसे. वाचकाची समजूत अशी होते की सदाहरित वृक्षाची पाने गळत नाहीत. वस्तुस्थिती तशी नाही. हिमालयातील ह्या ओकांचे पान साधारणतः वर्षभर जगते आणि वसंतात, नवी पालवी फुटण्याच्या सुमारासच, जुनी पाने झडतात. पानगळ आणि पालवी एकाच वेळी होत असल्यामुळे झाड उघडे पडत नाही एवढेच. ‘सदा’ हा शब्द झाडाला लागू पडतो, पानाला नव्हे. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरील क्वेर्कस व्हर्जिनियाना ह्या विशाल ओकाला तेथील लोक ‘जिवंत ओक’ अशा अर्थाचे नाव देतात. इतर ओक हिवाळ्यात मेल्यासारखे दिसत असता हा हिरवा राहतो, हा त्यातील अभिप्राय. नाव देणाऱ्याने झाड हिवाळ्यात पाहिले होते, हे त्या नावातच नमूद आहे.

३

प्रस्तुत लेखाचा विषय असलेला बांज हा हिमालयातील सदाहरित ओकांपैकी मनुष्यवस्तीच्या सर्वांत जवळचा. कुमाऊँनी व गढवाली भाषांत त्यास बांज म्हणतात, हिमाचल प्रदेशात ‘बान’ हे रूप ऐकू येते. हिंदी ‘बांझ’, मराठी ‘वांझ’ ह्या शब्दांशी ध्वनिसाम्य आहे खरे. परंतु केवळ ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती उभारणे धोक्याचे, आणि दरवर्षी फळणाऱ्या झाडाच्या बाबतीत तर हास्यास्पद. पहाडी माणूस ‘ओक’ असा एक सामान्य शब्द वापरीत नाही. त्याच्याकडे बांज आहे, त्याहून उंचावरचा तिलौंज अथवा मोरू आहे, हिमरेषेकडे जाताना लागणारा खर्सू आहे, खालच्या ओलसर ओहोळांत फल्यांट आहे, शिवाय रियांज आहे. पाचही एकाच प्रजातीचे, पण गुणधर्मांनी आणि उपयोगांनी वेगळे, म्हणून नावांनीही वेगळे. ज्याला झाडाचा पाला तोडून डोक्यावरून घरी न्यावयाचा आहे, त्याला सामान्यनामाने भागत नाही.

शास्त्रीय नावाचा इतिहासही उद्बोधक आहे. विल्यम रॉक्सबर्ग याने ह्या वृक्षास क्वेर्कस इन्काना असे नाव दिले. ‘इन्काना’ म्हणजे लॅटिनमध्ये पांढुरकी, केस पिकलेली. परंतु हेच नाव विल्यम बार्ट्रम ह्या अमेरिकन निसर्गसंशोधकाने १७९१ मध्येच एका अमेरिकन ओकास देऊन ठेवलेले होते. एका नावाचे दोन धनी चालत नाहीत. म्हणून ओकांवरील विस्तृत ग्रंथाची कर्ती एमे कामू ह्या फ्रेंच विदुषीने ‘ल्यूकोट्रिकोफोरा’ असे नवे विशेषण योजिले. हे ग्रीक; अर्थ ‘पांढरे केस धारण करणारी’. म्हणजे लॅटिन जाऊन ग्रीक आली, अर्थ तोच राहिला. डी. डॉन याने १८२५ मध्ये दिलेले ‘ऑब्लाँगाटा’ हे नाव अधिक जुने म्हणून तेच ग्राह्य धरावे असे काही वनस्पतिशास्त्रज्ञांचे मत आहे. वनखात्याच्या जुन्या अहवालांत मात्र सर्वत्र इन्कानाच आढळेल, आणि ते वाचताना अमेरिकन वृक्षाशी घोटाळा होऊ देऊ नये.

नावातील हे पांढरे केस पानाच्या पाठीवर असतात. पान सहा ते सोळा सेंटिमीटर लांब, चिवट, कडेला करवतीसारखे दाते असलेले. वरून गडद हिरवे व तकतकीत, खालून दाट पांढऱ्या लवेने आच्छादलेले. डोंगरउतारावर वारा सुटला की पाने उलटी होतात आणि सबंध अरण्य क्षणभर रुपेरी दिसते. ही लव केवळ शोभेची नव्हे. पानातील छिद्रे खालच्या बाजूस असतात, आणि लवेच्या आवरणामुळे त्यांतून होणारे बाष्पोत्सर्जन मंदावते. एप्रिल-मेचा कोरडा काळ, जेव्हा नवी पालवी फुटत असते, तोच हिमालयाच्या ह्या पट्ट्यात पाण्याच्या टंचाईचा काळ होय. त्या काळातून निभावण्याची ही तरतूद.

चांगल्या जमिनीत बांज वीस-पंचवीस मीटरपर्यंत उंच होतो. पण कुऱ्हाडीपासून सुरक्षित राहिलेले असे वृक्ष देवळाच्या राईत किंवा दूरच्या दरीतच पाहावयास मिळतात. खोड बहुधा वाकडे, माथा घुमटाकार व दाट. नरफुलांचे लोंबते तुरे वसंतात येतात. फळ म्हणजे टोपीत बसविलेले गुळगुळीत बोंड. ते हिवाळ्यात पिकून गळते. माकडे, अस्वले, उडत्या खारी आणि पक्षी त्यावर ताव मारतात, आणि त्यांपैकी जे फळे पुरून ठेवतात व विसरतात, त्यांच्या विसरभोळेपणावर अरण्याची पुनरुत्पत्ती बऱ्याच अंशी अवलंबून असते. लाकूड जड व कठीण. फळ्या कापण्यास निरुपयोगी, कारण वाळताना फाटते व वेडेवाकडे होते. नांगर, कुऱ्हाडीचे दांडे, सरपण आणि कोळसा हेच त्याचे उपयोग. वनखात्याच्या दृष्टीने हा वृक्ष दीर्घकाळ क्षुल्लक ठरला तो ह्यामुळेच. ज्या लाकडाचे रेल्वेचे स्लीपर होत नाहीत, ते लाकूड नव्हे, अशीच त्या काळच्या हिशेबाची वहाणी होती.

४

पण खेड्याचा हिशेब वेगळा होता. हिवाळ्यात गवत संपते, तेव्हा जनावरांना हिरवा चारा देणारे झाड बांजच. त्याच्या डहाळ्या तोडून बायका आणतात. उरलेली फांदी चुलीत जाते. खाली पडलेली वाळकी पाने गोठ्यात अंथरतात, शेणमुतात भिजली की तेच खत होऊन शेतात पडते. म्हणजे पहाडी शेतीची सुपीकता अरण्यातून गोठ्यात आणि गोठ्यातून शेतात अशी वाहून येते. शेताच्या प्रत्येक तुकड्यामागे बांजाच्या अरण्याचा काही तुकडा असावा लागतो.

ह्याच्या जोडीला पाणी. कुमाऊँत झऱ्यावर बांधलेल्या दगडी, पायऱ्यांच्या कुंडीला ‘नौला’ म्हणतात, आणि दगडी तोटीतून पडणाऱ्या पाण्याला ‘धारा’. नौल्याच्या वरच्या अंगास बांजाची राई असावी, असा जुना संकेत आहे. बांजाच्या मुळांतून पाणी येते असेच लोक बोलतात. हे वाक्य शब्दशः घेतल्यास चूक आहे. कोणतेही झाड पाणी निर्माण करीत नाही, उलट ते जमिनीतून उपसते, आणि दाट पर्णसंभाराचा सदाहरित वृक्ष तर बारा महिने उपसतो. मग संकेताला आधार काय? आधार झाडात नसून झाडाखाली आहे. बांजाची पाने लवकर कुजतात व त्यांचा भुसभुशीत, काळा थर जमतो. खाली झुडपे, नेचे, शेवाळ यांची दाटी असते. पावसाळ्याचे पाणी ह्या थरात जिरते, वाहून जात नाही. खोलवर गेलेली मुळे कुजली की त्यांच्या वाटांनी ते आणखी खाली उतरते आणि डोंगराच्या पोटातून महिनोन्‌महिने पाझरत राहते. म्हणून बांजाच्या अरण्यातील पालापाचोळा झाडून नेला आणि जमीन गुरांच्या खुरांनी घट्ट झाली, तर झाडे उभी असूनही झरा आटू शकतो. लोकसंकेत निष्कर्षात बरोबर आहे. त्याचे कारण मात्र थोडे खाली सरकवावे लागते.

५

बांजाचा प्रतिस्पर्धी चीड हा होय. सुमारे १२०० ते २३०० मीटर हा बांजाचा पट्टा. त्याच्या खालच्या भागात आणि उन्हाच्या, दक्षिणेकडील उतारांवर चीड वाढतो. दोघांच्या गरजा एकमेकांच्या विरुद्ध आहेत असे म्हटले तरी चालेल. चिडाला भरपूर ऊन हवे, माती उथळ व निकस चालते. बी हलके, पंख असलेले, वाऱ्याबरोबर दूर जाते. साल जाड असल्यामुळे वणव्यातून मोठे झाड वाचते. त्याची राळयुक्त सुयांसारखी पाने उन्हाळ्यात जमिनीवर साचतात आणि ठिणगी पडण्याचीच वाट पाहतात. बांजाचे बी जड, ते पडेल तेथेच किंवा प्राण्याने नेले तरच अन्यत्र. रोप सावलीत वाढणारे. आणि वणव्याने लहान रोपे करपतात. मोठ्या बांजाच्या बुंध्यातून पुन्हा धुमारे फुटतात हे खरे, परंतु वर्षांमागून वर्षे आग लागत राहिली तर धुमारेही दम सोडतात. बांजाच्या अरण्यात फांद्या छाटून उजेड शिरला की चिडाचे बी तेथे रुजते. चीड आला की आग येते. आग आली की बांज मागे हटतो. हे चक्र एकदा फिरू लागले म्हणजे कोणा एकावर ठपका ठेवणे कठीण होते.

तथापि इतिहास पाहता ठपका अगदीच ठेवता येत नाही असे नाही. १९११ ते १९१७ ह्या काळात कुमाऊँतील विस्तीर्ण अरण्ये राखीव करण्यात आली. राळ व रासायनिक प्रक्रिया केलेले स्लीपर ह्यांमुळे चीड हे उत्पन्नाचे झाड ठरले होते, आणि त्याच्या वाढीस अनुकूल अशी व्यवस्था राबविण्यात आली. पाला, सरपण व चराई यांवरील निर्बंधांनी गावकरी चिडले. १९२१ मध्ये कुमाऊँतील राखीव अरण्यांना मोठ्या प्रमाणात आगी लावण्यात आल्या. रामचंद्र गुहा यांनी ह्या विषयावरील आपल्या १९८९ च्या ग्रंथात लक्षात आणून दिले आहे की, लोकांचा रोख चिडाच्या व्यापारी अरण्यांवर होता. बांजाची अरण्ये बव्हंशी वाचली. त्याच वर्षी सरकारने तक्रारींच्या चौकशीसाठी समिती नेमली, आणि १९३१ मध्ये वनपंचायतींचे नियम झाले. गावाने स्वतः राखावयाचे अरण्य, ही कल्पना कायद्यात आली ती अशा रीतीने.

पुढे ह्याच प्रश्नाकडे लक्ष वेधले ते मीराबेन यांनी. गांधीजींच्या आधी वर्ध्याजवळच्या सेगावात (पुढील सेवाग्राम) जाऊन राहिलेल्या मीराबेन स्वातंत्र्यानंतर गढवालात, भिलंगना नदीच्या खोऱ्यात वस्तीस होत्या. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी त्यांनी लिहिले की हिमालयात काहीतरी बिघडते आहे : बांज मागे हटत आहे, चीड वर चढत आहे आणि त्यामुळे पूर वाढत आहेत. पुराविषयीचे त्यांचे अनुमान आज काहीसे सरळसोट वाटते. हिमालयीन पुरांची कारणे अनेक आहेत. परंतु दोन वृक्षांच्या सीमारेषेकडे पाहून त्या प्रदेशाचे भवितव्य वाचण्याची त्यांची दृष्टी अचूक होती. १९७३ नंतरच्या चिपको आंदोलनाने तोच विषय देशापुढे आणला. पौडी गढवालातील उफरैंखाल येथे सच्चिदानंद भारती व त्यांच्या सहकाऱ्यांनी, विशेषतः महिला मंडळांनी, उतारांवर लहान लहान खड्डे खणून पाणी अडविले आणि त्या ओलाव्याच्या आधाराने बांज, बुरांस यांसारखी झाडे वाढविली. झाडाआधी पाणी, मग झाडाने पाणी राखावे, हा तेथील क्रम रोपवाटिकेच्या शास्त्राशी तंतोतंत जुळतो.

६

आता बांजाच्या वाढीच्या प्रत्यक्ष गरजा. बी हे पहिले संकट. अनेक वृक्षांचे बी वाळवून वर्षानुवर्षे ठेवता येते. ओकाचे तसे नाही. ते वाळले की मेले. हिवाळ्यात फळ गळताच गोळा करावे, पाण्यात टाकून तरंगणारे काढून टाकावे, कारण त्यांत बहुधा भुंगेऱ्याची अळी असते, आणि बुडालेले शक्य तितक्या लवकर पेरावे. थांबणे भाग असल्यास ओलसर वाळूत, थंड जागी ठेवावे. खर्सू ह्या उंचावरील भाईबंदाचे बी तर पावसाळ्यात झाडावरच किंवा पडताक्षणी अंकुरते; बांजाला एवढी घाई नसली तरी दिरंगाई त्यालाही मानवत नाही. पेरल्यावर उंदीर व पक्षी यांपासून राखण करावी लागते, कारण पिठूळ बी त्यांना फार आवडते.

रोप वर दिसण्याआधी सोटमूळ खाली बरेच अंतर गेलेले असते. म्हणून उथळ पिशवीत वाढविलेले रोप मुळे गुंडाळून घेते आणि पुढे कोरड्या उतारावर तग धरीत नाही. पात्र खोल हवे. त्यात भरावयाची माती शक्यतो जुन्या बांजाच्या झाडाखालची घ्यावी. ओकाची मुळे विशिष्ट बुरशींशी सहजीवन करतात. बुरशीचे तंतू मुळांभोवती वेष्टन करून मातीतील पाणी व स्फुरद त्यांना पोचवितात. नवख्या जमिनीत ही बुरशी नसल्यास रोप वर्षानुवर्षे ठेंगणे राहते, आणि पाहणाऱ्यास वाटते की जात हलकी आहे.

जमीन खोल, ओलसर, पालापाचोळ्याच्या खताने काळी झालेली, परंतु पाणी न साचणारी असावी. उत्तरेकडील उतार सर्वांत चांगला. लहानपणी विरळ सावली हवी, म्हणून उघड्या, भाजून निघालेल्या उतारावर एकट्या बांजाची लागवड बहुधा फसते. आधी झुडपे येऊ द्यावी आणि त्यांच्या आश्रयाने बांज लावावा. दाट काळोखातही तो थबकतो. मोठा झाला की मात्र माथ्यावर उजेड पाहिजे. वाढ संथ, चिडाशी शर्यत लावल्यास तो दरवेळी हरेल, आणि ज्या योजनांचे मूल्यमापन दोन-तीन वर्षांत करावयाचे असते, त्यांत त्याला जागा मिळत नाही ह्याचे कारणही हेच. केवळ उंची सारखी म्हणून महाबळेश्वरी लावून पाहण्याचा विचार कोणी बोलून दाखवितात. तेथील जांभा दगड, चार महिन्यांचा प्रचंड पाऊस आणि हिमालयासारख्या कडक थंडीचा अभाव पाहता तो नाद न केलेला बरा. सह्याद्रीच्या माथ्यावर अंजन-जांभळांची स्वतःची सदाहरित अरण्ये आहेतच.

लावलेले रोप पहिली काही वर्षे शेळ्यांपासून आणि आगीपासून वाचविले पाहिजे. त्यानंतरचा प्रश्न डहाळ्या तोडण्याचा. तोड बंद करा असे सांगणे सोपे, पण ज्या घरात दोन जनावरे आहेत तेथे त्याचा अर्थ जनावरे विका असा होतो. ज्या वनपंचायती जागरूक आहेत, त्या अरण्याचे भाग पाडून आळीपाळीने तोड करू देतात. एका भागास काही वर्षे पूर्ण विश्रांती, तोडायचे ते हिवाळ्यात, शेंड्याला हात लावावयाचा नाही, आणि कोवळ्या झाडावर कोयता चालवावयाचा नाही. शेंडा व वरच्या फांद्या राखण्याचे कारण असे की फळे तेथेच धरतात. दरवर्षी सपाटून छाटलेले झाड जगते, पालवतेही, पण फळत नाही. खांबावर हिरवा झुपका ठेवावा तसे ते उभे राहते. गावाजवळची अनेक बांजाची अरण्ये आज अशी आहेत. दुरून ती हिरवी व भरगच्च दिसतात. आत शिरून जमिनीकडे पाहिले तर रोप एकही नसते. म्हणून बांजाच्या अरण्याची पाहणी करणाऱ्याने झाडे मोजण्यापूर्वी गुडघ्याएवढी रोपे मोजावीत. २०१६ आणि २०२४ ह्या वर्षी उत्तराखंडात मोठे वणवे लागले, त्यांनंतर अशा पाहणीची निकड वाढली आहे. कारण आग विझल्यावर उभ्या खोडांची संख्या पूर्वीइतकीच भरते, आणि कागदावर काही गेले असे दिसत नाही.